परदेशातून आलेल्या निर्वासित पोराचं जुनं दुखणं: ऑपरेशनचे पैसे कसे उभे करायचे

बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, विद्यापीठाच्या आसपास जे राहतात त्यांना हे नवीन नाही. आपल्या संभाजीनगरात येमेन, सुदान, अफगाणिस्तान, सीरियाकडची पोरं वर्षानुवर्षं शिकायला यायलेत, आपल्याच गल्लीत भाड्यानं राहतात, आपल्याच मेसमधे जेवतात. मग मागं त्यांच्या देशात लढाई पेटते (काबूल ऑगस्ट 2021 मधे तालिबानच्या हातात गेलं, सुदानमधे एप्रिल 2023 ला युद्ध सुरू झालं), घरून येणारे पैसे थांबतात, परत जायची सोय राहत नाही आणि शिकायला आलेलं पोरगं बघता बघता निर्वासित होऊन बसतं. अशा पोराला एखादं जुनं दुखणं असलं, ज्याच्यावर कधी नीट उपचारच झाले नाहीत, आणि डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं तर कुठून सुरुवात करायची हे कोणीच एका जागी सांगत नाही, म्हणून लिहायलोय.

आधीच सांगतो, पैसे गोळा करायला लगेच निघू नका. आपल्याकडं काय होतं, कोणीतरी हळहळतं, ग्रुपवर फोटो टाकतं, गूगल पे नंबर टाकतं, दोन दिवसात थोडे पैसे येतात आणि मग कळतं की नेमकं ऑपरेशन कोणतं, कुठं करायचं, खर्च किती, हेच ठरलेलं नाही. आधी दुखणं नीट समजून घ्यायचं, मग बिल जेवढं लहान करता येईल तेवढं करायचं, आणि उरलेल्या आकड्यासाठीच लोकांसमोर हात पसरायचा.

आम्ही काही जणांनी मिळून ज्या पोराचं बघितलं त्याचं नाव आणि देश इथं लिहीत नाही, का ते पुढं येईल. त्याचा डावा कोपर. लहानपणी पडला, तिकडं दवाखाने बंद, गावातल्या हाड बसवणाऱ्यानं पट्ट्या बांधून दिल्या, हाड जुळलंच नाही आणि वाढत्या वयात हात कोपरापासून बाहेरच्या बाजूला वाकत गेला. इतकी वर्षं तो म्हणायचा दुखत नाही, चलता है. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर पडायला लागलं, शर्टचं बटण लावता येईना. ओपीडीत डॉक्टरनं केस पेपरचीच कडा त्याच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरायला दिली आणि हळूच ओढली. उजव्या हातातून कागद सुटेना, फाटायची वेळ आली. डाव्या हातानं त्यानं अंगठ्याचं टोक वाकवून वाकवून धरायचा प्रयत्न केला तरी कागद निसटून आला. कोपराच्या आतल्या बाजूनं हातात जाणारी जी अल्नर नस असते ती वाकड्या हाडामुळं वर्षानुवर्षं ताणली जात होती, हे तेव्हा कळलं. लहानपणीच्या कोपराच्या फ्रॅक्चरचा त्रास असा कित्येक वर्षांनी वर येऊ शकतो. आणि यात वेळ फार महत्त्वाचा, नस मोकळी केली तर बधिरपणा कमी होऊ शकतो, पण हाताचे छोटे स्नायू एकदा सुकले की ते पूर्ण भरून येतीलच असं नाही.

हे एवढं सविस्तर का सांगितलं, तर "हात मोडलाय, ऑपरेशन करायचंय" एवढ्या माहितीवर ना डॉक्टर एस्टिमेट देतो ना देणारा माणूस पैसे देतो. म्हणून पहिलं काम कागद. केस पेपर, एक्स-रे, नसेचा प्रॉब्लेम असेल तर एनसीव्ही टेस्ट (नस किती वेगानं काम करते ते बघणारी), जुन्या जखमेतून पू येत असेल तर सीबीसी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या. ही इन्फेक्शनची तपासणी टाळूच नका, कारण हाडात इन्फेक्शन असेल तर बऱ्याचदा काम दोन टप्प्यात करावं लागतं, आधी साफसफाई आणि अँटिबायोटिक, मग हाड जुळवणं, आणि तुम्ही एकाच ऑपरेशनचे पैसे जमवून बसलेले असता. सगळ्याचे मोबाईलमधे सरळ, उजेडात फोटो काढून एका फोल्डरमधे ठेवा. एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून फोटो काढला तर चांगला येतो.

तपासायला सरकारी दवाखान्यातच न्या. इथं घाटी, तिकडं लातूर, नांदेड, अंबाजोगाईलाही सरकारी मेडिकल कॉलेजचे दवाखाने आहेत. ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागाच्या, प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो, ज्या युनिटला पहिल्यांदा दाखवलं त्याच वारी पुन्हा जा, नाहीतर दरवेळी नवीन डॉक्टरला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं. सोबत त्याची भाषा आणि हिंदी दोन्ही बरं येणारा त्याचाच एखादा सिनिअर घ्या. पोरगं मोडक्या हिंदीत "थोडा दर्द" म्हणतं आणि डॉक्टर थोडाच दर्द लिहितो. आदल्या रात्री बसून लिहून काढा, कधी लागलं, कोणी बांधलं, आता काय काय करता येत नाही, रात्री झोप मोडते का. डॉक्टरला "दुखतं" पेक्षा "पेन धरता येत नाही, परीक्षेत लिहिता येत नाही" हे जास्त कळतं.

आता योजना. कोणीही भेटला की पहिलं हेच म्हणतो, अहो महात्मा फुले योजनेत बसवा की. नाही बसत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता 5 लाखांपर्यंतचं कव्हर आहे, पण त्याला महाराष्ट्रातलं रेशन कार्ड किंवा रहिवासाचा दाखला लागतो. आयुष्मान कार्डचंही तेच, तेही आपल्या नागरिकांसाठी. दवाखान्यात या योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र असतो, त्याच्या टेबलावर जाऊन विचारायला हरकत नाही, पण तिथून नकार आला म्हणून खचू नका. आणि हे अगदी कळकळीनं सांगतो, दवाखान्याबाहेर कोणी एजंट भेटेल, "रेशन कार्ड करून देतो, आधारवर पत्ता टाकून देतो, एवढे एवढे द्या" म्हणेल, त्याच्या सावलीलाही उभं राहू नका. आपल्याकडच्या माणसाला खोट्या कागदाची शिक्षा होईल, या पोराचा तर इथं राहायचा आधारच जाईल, हात बरा होऊन काय उपयोग.

तसंच "बिचाऱ्याला कुठंतरी पार्टटाइम काम लावून देऊ, स्वतःच कमवेल" हेही नको. स्टुडंट व्हिसावर काम करायला परवानगी नसते. आपण भल्यासाठी लावून देतो आणि अडकतो तो.

मग चालतं काय? सरकारी दवाखान्यात ऑपरेशनचा मोठा खर्च बहुतेक वेळा प्लेट, स्क्रू, इम्प्लांट आणि बाहेरून आणायच्या औषधांचा असतो, बेड आणि सर्जनचा नसतो. नस मोकळी करून जागा बदलायची असेल तर इम्प्लांट लागतही नाही, हाड कापून सरळ करायचं असेल तर प्लेट लागते. म्हणून डॉक्टरला सरळ विचारा, साहेब बाहेरून नेमकं काय काय आणावं लागेल, साधी स्टीलची चालेल का टायटॅनियमचीच पाहिजे, आणि ते लिहून घ्या. लाजू नका, रोज शंभर नातेवाईक हेच विचारतात. परदेशी पेशंटला वेगळा दर लागतो का हेही ॲडमिट व्हायच्या आधीच काउंटरवर विचारून घ्या. आणि दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून माणूस असतो, बऱ्याच जणांना हे पदच माहीत नसतं, त्यांची केबिन शोधा. कोणती फी माफ होऊ शकते, कोणता ट्रस्ट औषधं देतो, कोणता दानशूर इम्प्लांट देतो, हे त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं कोणालाच नसतं. त्यांच्याकडं जाताना सगळी फाईल आणि एक पानी अर्ज घेऊन जा, तोंडी रडगाणं नको.

सरकारीत नंबर लांबत असेल किंवा तसली सर्जरी तिथं होत नसेल तर धर्मादाय दवाखाने. महाराष्ट्रात पब्लिक ट्रस्ट कायद्याखाली नोंदलेल्या मोठ्या दवाखान्यांना मुंबई हायकोर्टानं 2006 मधे ठरवून दिलेली योजना लागू आहे. 10 टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी फुकट, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि बिलातले 2 टक्के बाजूला काढून गरीब पेशंटसाठी फंड ठेवायचा, त्याला आयपीएफ म्हणतात. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारापर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारापर्यंत दुर्बल. दुर्बल घटकात बसलं तरी औषधं आणि इम्प्लांटचा निम्मा तरी खर्च पेशंटला भरावा लागतो, हे धरून चला. अडचण अशी की त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड असलं काहीतरी मागतात आणि या पोराकडं ते नसतं. म्हणून हक्क म्हणून भांडायला जाऊ नका, विनंती म्हणून जा. मेडिकल सोशल वर्करला भेटा, पोराकडं यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांचं बघणारी संस्था) कार्ड किंवा नोंदणीचा कागद असेल तर त्याची झेरॉक्स, कॉलेजचं बोनाफाईड, विभागप्रमुखांचं पत्र की घरून पैसे येणं बंद आहे, एवढं जोडून अर्ज द्या आणि म्हणा, फुकट नाही झालं तरी चालेल, कन्सेशन किती देता येईल सांगा. बऱ्याच ठिकाणी सर्जन स्वतःची फी सोडायला तयार असतात, फक्त त्यांना कोणीतरी नीट विचारावं लागतं. सर्जननं "माझी फी नको" असं म्हटलं की ते एस्टिमेटवर लिहून घ्या, नाहीतर बिलिंगचा माणूस रजेवरून येतो आणि सगळं परत जोडतो.

एस्टिमेट दोन-तीन ठिकाणचं घ्या, पण लेखी आणि फोड करून. ओटी (ऑपरेशन थिएटर), भूल, इम्प्लांट, खोली, औषधं, तपासण्या, रक्त, ड्रेसिंग, प्लास्टर सगळं वेगवेगळं. "पॅकेज" म्हणाले तर पॅकेजमधे काय नाही ते विचारा, कारण बिल तिथूनच फुगतं.

आता पोराच्या कागदांचं. यूएनएचसीआरचं ऑफिस दिल्लीला आहे, नोंदणी झाली नसेल तर त्याच्याच ओळखीच्या नोंदणी झालेल्या कोणाकडून रीत समजून घ्या आणि नोंदणी झालेली असेल तर दवाखान्याच्या कागदांसकट त्यांना मेल करून ऑपरेशनला काही मदत होते का विचारा, उत्तर यायला वेळ लागतो म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात करा. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळं ते कार्ड दाखवलं की सगळीकडं दरवाजे उघडतात असं नाही, पण अर्जाला वजन येतं. व्हिसाची मुदत संपत आली असेल तर आधी परदेशी नागरिक नोंदणीचं ऑफिस, ऑपरेशन नंतर. परदेशी पेशंट ॲडमिट केला की दवाखान्याला त्याची माहिती कळवावी लागते, म्हणून पासपोर्ट, व्हिसा यात काही लपवून ठेवू नका, ॲडमिशनच्या दिवशी पंचाईत होते. त्याच्या देशाच्या दूतावासाला फोन मात्र त्याला न विचारता अजिबात करू नका. ज्या सरकारपासून तो पळून आलाय त्याच सरकारचं ते ऑफिस असू शकतं.

पोरगं 18 च्या आतलं असेल आणि सोबत आईबाप नसतील तर तुम्ही परस्पर सही करून मोकळे होऊ शकत नाही, आधी बालकल्याण समितीकडं जावं लागतं, 1098 ला फोन केला तर वाट सांगतात.

इन्शुरन्सचं थोडक्यात, कॉलेजनं ॲडमिशनच्या वेळी पॉलिसी काढायला लावली असेल तर ती शोधून वाचा. आता नवीन काढून उपयोग नाही, आधीपासूनच्या दुखण्याला वेटिंग पिरियड असतो, तो 3 वर्षांपर्यंत असू शकतो.

एवढं सगळं झाल्यावर जो आकडा उरतो तो लोकांकडून उभा करायचा. समजा एस्टिमेट 90 हजार होतं, सर्जननं फी सोडली, फंडातून थोडं मिळालं आणि उरले 40. आता 40 मागा, 90 नाही. आणि फोटो, नाव, देश, कॉलेज काहीच टाकू नका. आपल्याला वाटतं चेहरा बघून लोकांना पाझर फुटतो, पण त्याचे आईबाप, भाऊबहीण अजून तिकडंच असतात, ग्रुपवरचा फोटो कुठून कुठं जाईल सांगता येत नाही, आणि विशीतल्या पोराला अख्ख्या शहरानं "तो मदतवाला" म्हणून ओळखावं हे त्यालाही आवडत नाही. त्याला मेसेज वाचून दाखवा, तो हो म्हणाला तरच पाठवा. असा काहीतरी लिहा:

"आपल्या शहरात शिकणाऱ्या एका निर्वासित विद्यार्थ्याच्या कोपराचं ऑपरेशन अमुक तारखेला ठरलंय. लहानपणीच्या दुखापतीमुळं हाताची नस दबलीय, उशीर झाला तर हात कायमचा कमजोर होईल. दवाखान्यानं आणि डॉक्टरांनी सवलत दिल्यावर 40 हजार कमी पडतात. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरायचेत, एस्टिमेट बघायचं असेल तर मला फोन करा. ऑपरेशन झाल्यावर बिल सगळ्यांना दाखवू."

पैसे कोणाच्याही खाजगी खात्यात नको, तुमच्या तर नकोच नको, कितीही चांगले असा. दवाखान्याच्या खात्यात पेशंटचा नंबर टाकून भरायचे, नाहीतर गावातला एखादा नोंदणीकृत ट्रस्ट पुढं करायचा जो स्वतः दवाखान्याला पैसे देईल. ट्रस्टकडं 80जी (देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असेल तर व्यापारी लोकांना ते बरं पडतं, फक्त 2 हजारांच्या वर रोख दिली तर त्या सवलतीचा फायदा मिळत नाही, तेवढं आधी सांगून ठेवा. परदेशातून कोणी पाठवतो म्हणाला तर जास्तच जपून. परदेशी देणगी घ्यायला संस्थेला एफसीआरएची नोंदणी लागते, ती नसताना ट्रस्टच्या खात्यात घेतली तर ट्रस्टच अडचणीत येतो. पोराचा मामा-काका बाहेरदेशी असेल तर त्यानं दवाखान्याच्या बिलापोटी थेट दवाखान्यालाच पाठवावे, दवाखान्याच्या अकाउंट सेक्शनला विचारून. ऑनलाइन क्राउडफंडिंग करायचंच असेल तर आधी त्यांना विचारा, पेशंट परदेशी नागरिक आहे, चालेल का, पैसे थेट दवाखान्याला देता का, तुमचे चार्जेस किती, आणि नाव-फोटो न टाकता होईल का.

मागायचं कोणाकडं, तर ज्यांना देणं माहीत आहे त्यांच्याकडं. रमजानमधे जकात निघते, जकात ज्यांना देता येते त्यात गरीब आणि वाटेत अडकलेला प्रवासीही येतो, मशिदीच्या जबाबदार माणसाला दवाखान्याचे कागद दाखवा, ते स्वतः खात्री करून देतात. मोंढ्यातले आडते, मेडिकलवाले, कॉलेजचा स्टाफ. खेड्याकडच्या लोकांकडं सोयाबीन-कापसाचे पैसे आल्यावर जा, उन्हाळ्यात शेतकऱ्याकडं मागणं म्हणजे त्याला अवघड करणं. आमच्याकडं एका भिशीतल्या बायकांनी त्या महिन्याचा नंबर पुढं करून उचल दिली आणि नंतर जमतील तसे परत घेतले, ही मला सगळ्यात शहाणी मदत वाटली, कारण दवाखान्याला डिपॉझिट आज पाहिजे असतं आणि देणग्या यायला वेळ लागतो. पैसेच पाहिजेत असंही नाही. रक्त द्यायला चार पोरं, पंधरा दिवस डबा, दवाखान्यात रात्री झोपायला एक माणूस, हे ज्यानं-त्यानं वाटून घेतलं तर खर्चातला मोठा भाग तसाच निघतो.

संमतीपत्रावर सही करायच्या आधी त्याच्या भाषेत त्याला सगळं सांगा, ऑपरेशननं काय होईल आणि काय होणार नाही. कोपर अगदी सरळ होईल असं डॉक्टरनं म्हटलं नसेल तर आपण धीर द्यायच्या नादात म्हणू नका. 18 च्या पुढचा असेल तर सही त्याची आणि निर्णयही त्याचाच, आपण पैसे जमवले म्हणून त्यानं घाबरून हो म्हणू नये. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणाला तर दाखवा.

फिजिओथेरपीचे पैसे पहिल्याच हिशोबात धरा, सगळ्यात जास्त हेच विसरतं. कोपर हा असा सांधा आहे की प्लास्टर निघाल्यावर हालचाल केली नाही तर अडकून बसतो, मग ऑपरेशन चांगलं होऊनही हात तोंडापर्यंत जात नाही. रोज सेंटरला जायला रिक्षाभाडं, औषधं, फॉलोअपचे एक्स-रे, प्लेट टाकली असेल तर पुढं कधी काढायची वेळ आली तर तो खर्च. सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी विभाग असतो, तिथंच लावून घ्या, आणि घरी करायचे व्यायाम रूममेटलाही शिकवा.

डिस्चार्जच्या वेळी फायनल बिल, डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं स्टिकर, ऑपरेशन नोट्स सगळ्याच्या दोन कॉप्या करा, एक त्याच्याकडं आणि एक मोबाईलमधे, कारण उद्या त्याला तिसऱ्याच देशात जायला लागलं तर तिथल्या डॉक्टरला हेच लागणार. मग ज्यांनी पैसे दिले त्यांना नाव झाकून बिलाचा फोटो पाठवा, किती आले, किती भरले, किती उरले. उरलेले फिजिओथेरपीला ठेवायचे का परत करायचे हे देणाऱ्यांना विचारून ठरवा, आणि जे ठरेल ते त्याच ग्रुपवर लिहून टाका.